कुलमुखत्यारपत्र : शुद्धीत असतानाच करावयाची व्यवस्था
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली. या व्यासपीठावर दरवर्षी मुलामुलींचे शिक्षण, लग्नातील खर्च, शेतीचे उत्पन्न अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे होतात आणि ती होणे इष्टच आहे. परंतु असा एक विषय आहे की जो आपल्या घराघरांत अमंगळ समजून टाळला जातो. घरातील वडील माणूस हयात आहे, परंतु त्याची समज गेली आहे. अशा वेळी त्याच्या वतीने सही कोणी करावयाची, हा तो विषय होय. आम्ही जुनी अकरावी मॅट्रिक झालेले, सारा जन्म मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविलेले सेवानिवृत्त शिक्षक आहोत. कायद्याचे पंडित नव्हे. जे सांगणार आहोत ते ठेच लागल्यावर शिकलेले आहे. आपणांस तीच ठेच लागू नये, एवढाच या भाषणाचा हेतू.

आमचे थोरले बंधू मेहकर तालुक्यात शेती करीत. नऊ एकर जमीन, एक मुलगा, दोन विवाहित मुली, असा त्यांचा संसार होता. २०१६ साली त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. तहसील, बँक, बाजार समिती ही धावपळ त्यांच्याने होईना. तेव्हा त्यांनी आपल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले. त्या कागदाचा मसुदा आम्हीच लिहिला होता. आमचे अक्षर बरे, भाषा शुद्ध, शिवाय घरचेच माणूस. म्हणून ते काम आमच्याकडे आले. कागद पूर्ण झाल्यावर आम्ही मोठ्या समाधानाने म्हणालो, "दादा, आता काळजी नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तरी कारभार अडणार नाही."

२०१९ पासून दादांना विसर पडू लागला. प्रथम नावे, मग वाटा, मग माणसे. पुढील वर्षी ते आमच्याकडे पाहून "हे मास्तर कोणाकडचे?" असे विचारू लागले. औषधोपचाराला पैसा हवा होता आणि पैसा त्यांच्या एकट्याच्या नावावरील ठेवीत होता. आमचा पुतण्या कुलमुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला. तेथील अधिकाऱ्याने कागद वाचला आणि शांतपणे एकच प्रश्न केला, "वडिलांना आज व्यवहार समजतो काय?" पुतण्याने खरे ते सांगितले. अधिकारी म्हणाले, "मग हा कागद आता चालत नाही."

आम्हांला प्रथम संताप आला. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो चालत नाही म्हणजे काय? परंतु वकिलांना विचारता कळले की त्या अधिकाऱ्याची काहीच चूक नव्हती. चूक आमच्या समजुतीची होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कुलमुखत्यारपत्र म्हणजे एकाने दुसऱ्यास आपल्या वतीने काम करण्याचा दिलेला अधिकार. या नात्याचे नियम भारतीय करार अधिनियम, १८७२ यात सांगितले आहेत. त्यातील २०१ वे कलम असे की, अधिकार देणारा अथवा घेणारा यांपैकी कोणीही मृत्यू पावला किंवा त्याची बुद्धी विकल झाली, तर तो अधिकार संपुष्टात येतो. मृत्यूची गोष्ट आपण सारे जाणतो. बुद्धी विकल झाल्यावरही तोच परिणाम होतो, हे मात्र शंभरांतील नव्वदांना ठाऊक नसते. कागदावर कितीही मोठे मुद्रांक लावा, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा, 'आजन्म' असा शब्द घाला. देणाऱ्याची समज गेली की तो अधिकार उरत नाही. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तर त्यास अपवाद आहे. परंतु घरगुती मुखत्यारपत्रास तो सहसा लागू पडत नाही.

कायद्याने असे का ठरवावे? विचार केल्यास त्यात तथ्य दिसते. मुखत्यार हा मालकाचा हात आहे. हात चुकीचे काम करू लागला तर मालकाने त्यास आवरावे, कागद रद्द करावा, हिशेब मागावा. मालकालाच समज उरली नाही तर हाताला आवरणार कोण? सबब कायद्याने तो अधिकारच थांबविला. मात्र याच अधिनियमाचे २०९ वे कलम असेही सांगते की, मालक असा असमर्थ झाल्यास मुखत्याराने हात झटकून मोकळे होऊ नये. त्याच्याकडे सोपविलेल्या हिताचे रक्षण व जतन करण्यासाठी वाजवी ती सर्व उपाययोजना करावी. उभे पीक वाऱ्यावर सोडू नये, परंतु शेत विकू नये, असा त्याचा सोपा अर्थ आम्ही आपल्या मनाशी लावला आहे.

इतर देशांनी यावर तोड काढली आहे. इंग्लंडमध्येही पूर्वी हाच नियम होता. तेथे १९८५ च्या कायद्याने समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र प्रथम आणले, आणि २००५ च्या मानसिक क्षमताविषयक कायद्याने, जो १ ऑक्टोबर २००७ पासून अंमलात आला, त्याची नवी घडी बसविली. तेथे दोन निरनिराळे कागद होतात. एक मालमत्ता व पैशाच्या व्यवहारासाठी, दुसरा औषधोपचार व देखभालीसाठी. देणाऱ्यास कागद समजला आहे आणि त्याच्यावर कोणी दडपण आणलेले नाही, असा दाखला त्रयस्थ माणसाने द्यावा लागतो. नंतर सरकारी पालक-कार्यालयात नोंद झाल्यावाचून कागद वापरता येत नाही. म्हणजे मालकाची समज गेल्यावर मुखत्यारावर नजर ठेवण्याचे काम तेथे सरकारी कार्यालय व न्यायालय करते. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे नोकरीस आहेत त्यांच्याकडून असे कागद केल्याचे आपण ऐकतो आणि आपल्याकडेही तसेच असेल असे गृहीत धरतो. तसे नाही. भारतात असा टिकाऊ मुखत्यारपत्राचा कायदा अद्याप झालेला नाही.

उलट आपल्याकडे जी वाट होती तीही अरुंद झाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात अशा माणसाच्या मिळकतीसाठी जिल्हा न्यायालयाने व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने तो पुष्कळ चांगला आहे. आपल्यावर मानसिक आजारात कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे प्रौढ माणसाने आधीच लिहून ठेवावे, व आपला प्रतिनिधी नेमावा, अशी सोय त्यात आहे. परंतु मिळकतीच्या व्यवस्थापकाची तरतूद त्यात राहिली नाही. यामुळे आज अशा कामी प्रायः उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली बेशुद्ध रुग्णांच्या बाबतीत पालक कसा नेमावा याची पद्धत घालून दिली. त्यात वैद्यकीय मंडळाची तपासणी आणि तहसीलदाराहून खालच्या दर्जाचा नसलेल्या महसुली अधिकाऱ्याने घरी जाऊन केलेली पाहणी यांचा समावेश आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही जाणीव हरपलेल्या एका गृहस्थाच्या पत्नीस त्याची पालक म्हणून नेमले. न्याय मिळतो, यात संशय नाही. पण बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला त्यासाठी नागपूरच्या खंडपीठाकडे जावे लागते. तीनशेहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास, वकिलाची फी, वैद्यकीय दाखले आणि तारखा. आणि घरी अंथरुणावर माणूस! सोयाबीन व कपाशीवर चालणाऱ्या घराला हे झेपेल काय, याचा विचार आपणच करावा.

ही अडचण विरळा आहे असेही कोणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. एकूण संख्या सुमारे ८८ लाख. याखेरीज अर्धांगवायू आहे, रस्त्यावरील अपघात आहेत. आज या मंडपात बसलेल्या आम्हा पांढऱ्या केसांच्या मंडळींनी आपापली गणना करून पाहावी.

आता त्या काळातील एक गोष्ट सांगतो, जी सांगताना आम्हांला संकोच वाटतो. त्या ठेवीचा प्रश्न अडल्यावर दादांच्या दुसऱ्या एका खात्यातून औषधापुरती रक्कम काढण्याचे ठरले. अंगठ्याने पैसे काढण्याची सोय बँकांत आहे. आजारी अथवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, ओळखावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. परंतु ती सोय ज्याचे शरीर थकले त्याच्यासाठी आहे. ज्याला आपण काय करतो आहोत हेच कळत नाही त्याच्यासाठी नव्हे. हे आम्हांला ठाऊक होते. तरीही बँकेचा माणूस घरी आला तेव्हा आम्ही म्हणालो, "दादांना सगळे समजते, आज जरा थकवा आहे." दादांचा अंगठा आम्ही आपल्या हाताने शाईच्या गादीवर टेकविला व साक्षीदार म्हणून सही केली. पैसे त्यांच्याच औषधाला गेले, एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. तथापि ज्या हाताने आम्ही आयुष्यभर मुलांच्या वहीत 'खरे बोलावे' असा कित्ता घातला, त्या हाताने ती सही केली.

आणि एक खोटी सही दुसरीला बोलावते. चार महिन्यांनी पुतण्या दोन एकरांचे गिऱ्हाईक घेऊन आला. मुखत्यारपत्र दाखवून खरेदीखत करावे, दादांच्या प्रकृतीविषयी कोणी विचारल्यास आम्ही हमी द्यावी, असा त्याचा बेत होता. आम्ही नकार दिला. तो म्हणाला, "काका, कागद तं तुमीच लिवला होता नं? अन् मागच्या वेळी सही तं केली तुमी!" आम्हांला उत्तर देता आले नाही. वहिनी मध्ये पडल्या म्हणून तो व्यवहार थांबला. त्या म्हणाल्या, "ज्या जमिनीत दोन्ही पोरींचा हिस्सा हाये, ते त्यांले न इचारता कशी इकता?" त्या शाळेत गेल्या नव्हत्या, परंतु कायदा त्यांना आमच्याहून अधिक कळत होता. जावयांनी व आम्ही मिळून उसनवार केली, दोन बैल विकले, आणि तो काळ कसाबसा ढकलला. २०२२ च्या हिवाळ्यात दादा गेले. पुतण्याने त्यानंतर दोन वर्षे आमच्या घराची पायरी चढली नाही. तो वाईट मुलगा नव्हे. बापाची सेवा त्याने हातांनी केली. आम्ही मोठ्यांनी वेळीच व्यवस्था केली असती तर त्या मुलावर तो मोह येण्याचा प्रसंगच आला नसता.

म्हणून आता व्यवस्थेकडे वळू. टिकाऊ मुखत्यारपत्र नाही म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. एका मोठ्या कागदाचे काम चार लहान कागदांनी पुष्कळसे होऊ शकते. मात्र ते सारे शुद्धीत असतानाच करावे लागतात.

पहिली गोष्ट बँकेची. घरखर्च व औषधपाणी यांना साधारण वर्ष-दोन वर्षे पुरेल एवढी रक्कम पती-पत्नी अथवा विश्वासू अपत्य यांच्याबरोबर संयुक्त खात्यात असावी, व ते खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' या पद्धतीचे असावे. सारी पुंजी मात्र अशा खात्यात घालू नये. मुदतठेव मुदतीपूर्वी मोडण्यास दोघांच्याही सह्या मागितल्या जाऊ शकतात. म्हणून त्याविषयीची लेखी सूचना ठेव ठेवतानाच देऊन ठेवावी. कित्येक जण म्हणतात, "आम्ही वारस लावला आहे." नामनिर्देशन पुष्कळ उपयोगाचे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार जणांपर्यंत नावे लावता येतात. परंतु त्या नावांचा उपयोग खातेदाराच्या मृत्यूनंतर. तो जिवंत असून असमर्थ असेल तर त्या चारांपैकी एकाचीही सही चालत नाही.

दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. तेही मृत्यूनंतरचेच, पण समज असेल तोवरच करता येते, म्हणून येथे सांगतो. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, परंतु दोन साक्षीदार हवेतच. वय झाले असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि नोंदणी करून घ्यावी, म्हणजे पुढचे तंटे टळतात. मुलींना वगळून लिहिण्याची जुनी खोड मात्र सोडावी.

तिसरी गोष्ट जमिनीची. कित्येक वडील मंडळी 'नको ती कटकट' म्हणून हयातीतच सारे मुलांच्या नावे करून मोकळी होतात. घाई करू नये. वाटणीच करावयाची तर सर्वांच्या संमतीने, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमानुसार तहसीलदारांपुढे करावी, आणि आपल्या व पत्नीच्या निर्वाहापुरता हिस्सा राखून ठेवावा. बक्षीसपत्र द्यावयाचे झाल्यास 'घेणाऱ्याने आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमाच्या २३ व्या कलमाचा आधार त्या अटीमुळे बळकट होतो. सांभाळ न केल्यास न्यायाधिकरणाकडे ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. ज्यांची मिळकत मोठी आहे, अथवा घरात कायम परावलंबी असे अपत्य आहे, त्यांनी १८८२ च्या विश्वस्त अधिनियमाप्रमाणे खासगी विश्वस्तनिधी करण्याविषयी वकिलांचा सल्ला घ्यावा. रीतसर नेमलेल्या विश्वस्ताचा अधिकार, निधी करणाऱ्याची समज गेली म्हणून संपत नाही. आपल्या कायद्यात इंग्लंडमधील त्या कागदाच्या सर्वांत जवळ जाणारी हीच वस्तू आहे.

चौथी गोष्ट उपचारांची. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांची दुर्दैवी कहाणी आपण जाणता. १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या जाणीव हरपलेल्या स्थितीत होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, याचाही निर्णय न्यायालयास करावा लागला, आणि ज्यांनी त्यांची इतकी वर्षे शुश्रूषा केली त्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा तो अधिकार मानला गेला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, प्रौढ व शहाण्या माणसाने अखेरच्या असाध्य आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येते. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. आपल्या वतीने डॉक्टरांशी बोलावयाच्या एकाहून अधिक माणसांची नावेही त्यात घालता येतात. हा कागद प्रत्येकाने करावाच असा आमचा आग्रह नाही. परंतु आपली इच्छा काय, हे घरच्यांना सांगून तरी ठेवावे.

आणि कुलमुखत्यारपत्र? तेही करावे. पाय थकले, डोळे गेले, मुलगा पुण्यास व जमीन चिखलीस, अशा वेळी ते उत्तम साधन आहे. फक्त त्याची मर्यादा ओळखून करावे. सर्वाधिकार एकदम न देता कामे नेमून द्यावीत. विक्रीचा अधिकार शक्यतो देऊ नये, दिल्यास नोंदणी करावी. दरवर्षी हिशेब मागावा. मुलाकडे हिशेब मागण्यात अविश्वास नाही, ती त्याच्या प्रामाणिकपणाची राखण आहे.

आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही जिजाऊसाहेबांची जन्मभूमी. १६६६ साली शिवाजीमहाराज आग्र्यास निघाले तेव्हा परत येण्याची खात्री नव्हती. राज्याचा कारभार मातोश्रींच्या देखरेखीखाली सोपवून, व्यवस्था लावून, मगच ते निघाले. महाराज तिकडे कैदेत अडकले तरी इकडे राज्य कोलमडले नाही. त्यांनी व्यवस्था केली म्हणून त्यांना कोणी अशुभ चिंतणारे म्हटले नाही. आपणच का कचरावे?

आम्हा निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. शुद्धीचा दाखला कोणी मागत नाही. तो आपला आपणच घ्यावयाचा असतो. आम्ही तो गेल्या वर्षी घेतला. पत्नी, दोन मुले व सून यांना समोर बसवून खाती, ठेवी, सातबारा, विमा यांची यादी केली, मृत्युपत्र नोंदविले, आणि आमची समज गेल्यास आमचा अंगठा कोणीही धरू नये असे सर्वांना बजावले. त्या दिवशी पुतण्यालाही बोलाविले होते. तो आला. यादीचा कागद त्यानेच लिहिला. त्याचे अक्षर दादांसारखे आहे.

मंडळाला एक नम्र विनंती आहे. वधुवर-मेळाव्याप्रमाणे वर्षातून एक दिवस आपल्यातील जाणत्या वकिलांना बोलावून सभासद कुटुंबांना या कागदांविषयी विनामूल्य मार्गदर्शन मिळेल असे करावे. आणि आपण सर्वांनी घरी गेल्यावर हा विषय काढावा. पहिल्यांदा घरात कोणी रागावेल, कोणी रडेल. तरी काढावा. आज जो हात शुद्धीत सही करू शकतो, त्याने ती आजच करावी.